सापडली, पण कुठली? 'मट'च्या कॉन्फिगरेशन-शोधाबद्दल

कुठलाही ईमेल प्रोग्रॅम सुरू झाला की सगळ्यात आधी काय करतो? तो आपली सेटिंग्ज शोधतो. कुठल्या पत्त्यावरून मेल पाठवायची, कुठल्या सर्व्हरशी बोलायचं, एन्क्रिप्शन करायचं का, पाठवलेल्या मेलची प्रत कुठे ठेवायची, हे सगळं कुठल्या तरी फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि ती फाइल कुठल्या तरी फोल्डरमध्ये असते. हा शोध डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो, त्यामुळे त्याकडे कुणी बघतच नाही. आज मुद्दाम तिकडेच बघूया. कारण 'सेटिंग्ज बरोबर आहेत, तरी प्रोग्रॅम ऐकत नाही' या तक्रारीचं मूळ बरेचदा तिथे सापडतं.

उदाहरण म्हणून मी 'मट' घेते आहे. मायकल एल्किन्स यांनी १९९५ च्या सुमारास सुरू केलेला हा प्रोग्रॅम टर्मिनलमध्ये चालतो. माउस नाही, खिडक्या नाहीत, नुसती अक्षरं. तरी तो आजही वापरला जातो. ज्यांचं काम दूरच्या क्लस्टरवर चालतं, त्यांना तर तो फार सोयीचा. रात्री गणित संपलं की स्क्रिप्टमधल्या एका ओळीने निकालाची फाइल जोडून मेल पाठवता येते. २०१६ पासून त्याचं 'निओमट' नावाचं भावंडही आहे. वर्षानुवर्षं लोकांनी मटसाठी लिहिलेले सुटे बदल एकत्र करून ते उभं राहिलं. दोघांचा सोर्स कोड खुला आहे, त्यामुळे शोध नेमका कसा चालतो हे वाचून बघता येतं.

(एक सूचना: खाली फाइलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करायची.)

आधी नावाबद्दल दोन शब्द

मटच्या सेटिंग्जची फाइल म्हणजे 'मटआरसी'. यातलं 'आरसी' युनिक्सपेक्षाही जुनं आहे. १९६० च्या दशकात एमआयटीमध्ये सीटीएसएस नावाची प्रणाली होती. तिथे एका फाइलमध्ये लिहिलेल्या आज्ञा ओळीने चालवायच्या सोयीला 'रनकॉम' म्हणत. त्याचंच हे लघुरूप. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: आरसी फाइल म्हणजे नुसता तक्ता नाही, ती आज्ञांची यादी असते.

नावापुढचा टिंब हा दुसरा वारसा. फाइलच्या नावाची सुरुवात टिंबाने झाली की ती नेहमीच्या यादीत दिसत नाही. रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये यामागची गोष्ट लिहिली होती. 'हे फोल्डर' आणि 'वरचं फोल्डर' या अर्थाच्या दोन नोंदी यादीतून वगळायच्या होत्या. त्यासाठी आखूड रस्ता घेतला गेला: पहिलं अक्षर टिंब असेल तर सोडून द्या. त्यातून लपलेल्या फाइली जन्माला आल्या, आणि सगळ्या प्रोग्रॅमनी आपापल्या सेटिंग्ज तिथे कोंबल्या. घरच्या फोल्डरमध्ये अशा टिंबवाल्या फाइलींची गर्दी झाली. ती आवरायला २००३ मध्ये 'एक्सडीजी बेस डिरेक्टरी' हा संकेत आला. त्याचं सार एवढंच, की सेटिंग्ज '.कॉन्फिग' या एका फोल्डरखाली ठेवा. कुणाला दुसरी जागा हवी असेल तर त्याने 'एक्सडीजी-कॉन्फिग-होम' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरावं.

संकेत चांगला आहे. पण तोवर मट आठ वर्षांचा झाला होता आणि लोकांच्या फाइली जुन्या जागी होत्या. म्हणून जुनी जागा चालू राहिली आणि नवी तिच्या जोडीला आली. हे नीट लक्षात घेतलं तर पुढचा गुंता कळतो.

मट कुठे कुठे शोधतो

आधी तो सगळ्या मशीनसाठी असलेली फाइल वाचतो. ती प्रशासकाने किंवा लिनक्स वितरणाने ठेवलेली असते, बहुधा '/ईटीसी' फोल्डरमध्ये. त्यानंतर तुमची स्वतःची फाइल शोधतो. तुमच्या फाइलसाठी तीन जागा आहेत, या क्रमाने:

१. घरच्या फोल्डरमध्येच: ~/.मटआरसी
२. घरातल्या मटच्या फोल्डरमध्ये: ~/.मट/मटआरसी
३. एक्सडीजीच्या जागी: ~/.कॉन्फिग/मट/मटआरसी (व्हेरिएबल भरलेलं असेल तर तिथे)

प्रत्येक जागी तो दोन नावं बघतो. आधी मटचा आवृत्ती क्रमांक जोडलेलं नाव, म्हणजे 'मटआरसी-२.२.१३' असं काहीतरी, आणि मग साधं 'मटआरसी'. तीन जागा, दोन नावं, एकूण सहा शक्यता. पहिली फाइल सापडली की शोध बंद. उरलेल्या जागांकडे तो ढुंकूनही बघत नाही.

घराची जादा किल्ली ठेवायच्या तीन जागा ठरलेल्या असाव्यात तसं हे आहे: कुंडीखाली, मीटरच्या पेटीत, शेजारच्या काकूंकडे. कुंडीखाली किल्ली मिळाली की आपण पुढे जात नाही. पण कुंडीखालची किल्ली मागच्या वर्षी बदललेल्या कुलपाची असली तर? माणूस निदान कुलूप उघडत नाही म्हणून पुढे शोधतो. मट तसं करत नाही. सापडलेली फाइल रिकामी आहे का, जुनी आहे का, हे त्याच्या शोधाचा भागच नाही. त्याचा प्रश्न एकच असतो: या नावाची फाइल आहे का? शून्य बाइटची फाइलसुद्धा 'आहे'.

दोन नियम, एकाच शोधात

माझा पहिला आक्षेप इथे आहे. या शोधात दोन वेगळे नियम काम करतात आणि बाहेरून ते एकसारखेच दिसतात.

मशीनची फाइल आणि तुमची फाइल यांच्यात थरांचा नियम आहे. दोन्ही वाचल्या जातात. तुमची नंतर वाचली जाते, म्हणून एखाद्या सेटिंगवर दोघींचं जमलं नाही तर तुमचं चालतं. तुमच्या स्वतःच्या तीन जागांमध्ये मात्र 'पहिली सापडली ती' हा नियम आहे. तिथे एक वाचली जाते आणि बाकीच्या वाचल्याच जात नाहीत.

दोन्ही नियम आपापल्या जागी ठीक आहेत. पण एका ठिकाणी थर पाहिलेला माणूस दुसरीकडेही थरच असणार असं धरून चालतो. त्यात गिट हा रोज वापरातला प्रोग्रॅम नेमका वेगळा वागतो. गिटची फाइल घरच्या फोल्डरमध्येही असू शकते आणि एक्सडीजीच्या जागीही. दोन्ही असल्या तर तो दोन्ही वाचतो आणि घरच्या फोल्डरमधलीला वरचढ मानतो. गिटची सवय लागलेल्याने 'समान सेटिंग्ज इथे, खास सेटिंग्ज तिथे' अशी विभागणी मटमध्ये केली, तर अर्धी फाइल कायमची अडगळीत जाते. चूक दाखवणारा संदेश येत नाही. मटच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं.

भावंडांचा उलटा क्रम

निओमटने हा शोध नव्याने लिहिला. जागा पाच केल्या आणि नावं दोन: 'निओमटआरसी' आणि 'मटआरसी'. म्हणजे दहा शक्यता. मटकडून येणाऱ्यांची जुनी फाइल चालावी म्हणून मटच्या जागाही यादीत ठेवल्या, ही चांगली गोष्ट. पण क्रम उलटा केला. निओमट आधी एक्सडीजीच्या जागी बघतो, मग घरातल्या टिंबवाल्या फोल्डरांत, आणि घरच्या फोल्डरमधल्या सुट्या टिंबवाल्या फाइलीकडे अगदी शेवटी.

तत्त्व म्हणून विचाराल तर मला निओमटचा क्रम पटतो. नव्या जागी कुणी फाइल ठेवली असेल तर ती मुद्दाम ठेवलेली असणार. जुन्या जागची फाइल विसरलेली असण्याची शक्यता जास्त. मटचा क्रमही समजण्यासारखा आहे. तीस वर्षांपूर्वीची फाइल आजही पहिल्याच फटक्यात सापडावी हे त्याचं वचन आहे, आणि तो ते पाळतो.

पण आता दोघांना एका मशीनवर आणा. एक माणूस, एक घरचं फोल्डर, त्यात दोन फाइली: एक ~/.मटआरसी आणि दुसरी ~/.कॉन्फिग/मट/मटआरसी. मट पहिली वाचेल, निओमट दुसरी. दोन्ही प्रोग्रॅम दिसायला सारखे, बटणं सारखी, आज्ञा जवळपास सारख्या. तुम्ही एका फाइलमध्ये बदल करता, एकात तो दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही. मग माणूस बदललेली ओळच पुन्हा पुन्हा तपासत बसतो, स्पेलिंग बघतो, अवतरणचिन्हं मोजतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. ओळ बरोबर असते, फाइल चुकीची असते.

यात बिघडण्यासारखं काय आहे?

'रंग नाही बदलला, एवढंच ना?' असं वाटू शकतं. तीन प्रसंग कल्पून बघा.

पहिला प्रसंग रिकाम्या फाइलीचा. समजा रुग्णांच्या माहितीवर काम करणारी एक संशोधक आहे. तिने एक्सडीजीच्या जागी नीट फाइल लिहिली आहे आणि त्यात 'शक्य तिथे आपोआप एन्क्रिप्ट कर' हे सेटिंग चालू केलं आहे. मटमध्ये हे सेटिंग मुळात बंद असतं. उद्या एखाद्या स्क्रिप्टने घरच्या फोल्डरमध्ये रिकामी .मटआरसी तयार केली, तर तिची खरी फाइल त्या क्षणापासून वाचली जाणार नाही. मट सुरू होईल, मेल जाईल, पण उघडी जाईल.

दुसरा प्रसंग आवृत्तीच्या नावाचा. कुणी फाइलच्या नावात २.२.१२ असं लिहून ठेवलं आणि प्रशासकाने मट २.२.१३ वर नेला, तर नाव जुळणार नाही. कालपर्यंत वाचली जाणारी फाइल आज अदृश्य. फाइलला कुणी हातही लावलेला नाही.

तिसरा प्रसंग क्लस्टरवाल्यांचा. घरच्या फोल्डरला जागेची मर्यादा असते, म्हणून अनेकजण एक्सडीजी-कॉन्फिग-होम हे व्हेरिएबल भरून सेटिंग्ज दुसऱ्या डिस्कवर हलवतात. हे व्हेरिएबल ते शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये लिहितात. टर्मिनलवर बसून मट चालवला की सगळं ठीक. पण तीच आज्ञा क्रॉनमधून रात्री दोन वाजता चालवली, तर क्रॉन शेलची ती फाइल वाचत नाही. व्हेरिएबल रिकामं, म्हणून मट ~/.कॉन्फिग मध्ये बघतो, तिथे काही नसतं, आणि तो आपल्या मूळ सेटिंग्जवर चालू पडतो. मेल तुमच्या पत्त्याऐवजी मशीनवरच्या खात्याच्या नावाने निघते आणि समोरच्या सर्व्हरने ती स्पॅममध्ये टाकली तर तुम्हाला पत्ताही लागत नाही.

हा तिसरा प्रसंग मला संशोधक म्हणून जास्त टोचतो. आपण प्रयोगाच्या पुनरावृत्तीबद्दल इतकं बोलतो. तीच आज्ञा, तोच प्रोग्रॅम, तेच मशीन, तरी निकाल वेगळा, आणि फरक कुठे आहे याची कुठेच नोंद नाही. प्रयोगशाळेत असं झालं तर गाइड नोंदवही समोर ठेवायला सांगतील. इथे नोंदवहीच नाही.

जे बरोबर केलं आहे तेही सांगायला हवं

वर म्हटलं होतं, की आरसी फाइल ही आज्ञांची यादी असते. मटआरसीमधून शेलची आज्ञा चालवता येते आणि तिचं उत्तर सेटिंग म्हणून घेता येतं. म्हणजे ज्याच्या हातात तुमची मटआरसी, त्याच्या हातात तुमचं खातं. अशा फाइलीचा शोध कुठे घ्यायचा हा मग सुरक्षेचाही प्रश्न होतो.

मट आणि निओमट या यादीत 'सध्याचं फोल्डर' घेत नाहीत. हा निर्णय फार शहाणपणाचा आहे. नाहीतर कुणी पाठवलेली झिप फाइल उघडायची, त्या फोल्डरमध्ये जाऊन मट सुरू करायचा, आणि आत लपलेल्या टिंबवाल्या फाइलीने आपलं काम उरकायचं, असं सहज झालं असतं. विम या एडिटरमध्ये सध्याच्या फोल्डरमधली सेटिंग्ज वाचायची सोय आहे, पण ती याच भीतीपोटी मुळात बंद ठेवलेली असते.

मोठ्या 'एफ'चा पर्यायही चांगला आहे. मट सुरू करताना त्यापुढे फाइलचं नाव दिलं की तुमच्या फाइलचा शोधच रद्द होतो. दिलेली फाइल वाचली जाते. लहान 'एन' दिला तर मशीनची फाइलही वगळली जाते. स्पष्ट सांगितलं की मट स्पष्ट वागतो. तक्रार आहे ती न सांगितलेल्या वेळेची.

मूळ दोष: गप्प राहणं

म्हणून माझं म्हणणं असं, की क्रम कुठला असावा हा दुय्यम वाद आहे. कुठलाही क्रम घ्या, कुणाची तरी फाइल मागे राहणारच. खरा दोष हा, की एवढं शोधून झाल्यावर मट सापडलेल्या फाइलीचं नाव सांगत नाही. मोठ्या 'डी'च्या पर्यायाने सगळ्या सेटिंग्जची आत्ताची मूल्यं छापता येतात. पण ती कुठल्या फाइलमधून आली, हे त्या यादीत नसतं. ते हवं असेल तर डीबगची नोंद काढा, नाहीतर 'एसट्रेस' लावून प्रोग्रॅम कुठल्या फाइलींना हात लावतो ते बघा. हे म्हणजे पत्ता विचारायला गेल्यावर हातात टेहळणीची दुर्बीण दिल्यासारखं झालं.

यावर संशोधनही आहे. युआनयुआन झोऊ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये एसओएसपी या परिषदेत एक अभ्यास मांडला. एका व्यावसायिक स्टोरेज प्रणालीतली आणि सेंटओएस, मायएसक्यूएल, अपाची, ओपनएलडॅप या चार खुल्या प्रणालींतली मिळून ५४६ चुकीच्या कॉन्फिगरेशनची प्रत्यक्ष उदाहरणं त्यांनी तपासली. 'चूक नेमकी या सेटिंगमध्ये आहे' असं स्पष्ट सांगणारा संदेश किती वेळा मिळाला? प्रणालीनुसार फक्त ७.२ ते १५.५ टक्के. त्यात ईमेल प्रोग्रॅम नव्हते, त्यामुळे हे आकडे मटला चिकटवता येणार नाहीत. पण तिथे निदान चूक तरी होती. मटच्या बाबतीत फाइल निर्दोष, प्रोग्रॅम निर्दोष, आणि तरी परिणाम चुकीचा. असा दोष संदेशांच्या जाळ्यात सापडणं आणखी अवघड. याच गटाच्या २०१३ च्या शोधनिबंधाचं शीर्षकच असं, की चुकीच्या कॉन्फिगरेशनसाठी वापरणाऱ्याला दोष देऊ नका.

आणि हे जमत नाही असंही नाही. गिटला विचारलं तर तो प्रत्येक सेटिंगच्या शेजारी ते कुठल्या फाइलमधून आलं ते छापतो. एसएसएचला लहान 'व्ही' दिला की कुठली कॉन्फिगरेशन फाइल वाचतो आहे ते तो ओळीने सांगतो. विममध्ये वाचलेल्या स्क्रिप्टची क्रमवार यादी मिळते. तीनही प्रोग्रॅम टर्मिनलमधलेच, मटच्याच बिरादरीतले.

'पण युनिक्स गप्पच असतो'

यावर नेहमीचं उत्तर असतं, की काम नीट झालं असेल तर प्रोग्रॅमने बडबड करू नये, ही युनिक्सची परंपरा आहे. परंपरा मला मान्य आहे. स्क्रिप्टमध्ये वापरायचा प्रोग्रॅम दरवेळी दोन ओळी बोलायला लागला तर तोही ताप. पण गप्प राहणं आणि विचारल्यावरही न सांगणं यात फरक आहे.

माझ्या मते दोन बदल पुरेत. एक, कुठल्या फाइली वाचल्या हे विचारल्यावर सांगणारा एक पर्याय. दोन, पहिली फाइल सापडल्यावरही उरलेल्या जागांवर एक नजर टाकावी आणि दुसरीकडेही फाइल असेल तर सुरू होताना एका ओळीत सांगावं, की अमुक वाचली, तमुक वाचली नाही. एकच फाइल असलेल्या बहुसंख्य लोकांना ही ओळ कधी दिसणारही नाही. आणि खर्च? मटच्या बाबतीत फार तर पाच जास्तीच्या 'ही फाइल आहे का' विचारणा.

तोवर आपण काय करायचं? तीन गोष्टी. फाइल एकाच जागी ठेवा आणि बाकीच्या जागा रिकाम्या आहेत ना हे एकदा, लपलेल्या फाइली दाखवायला सांगून, बघून घ्या. स्क्रिप्ट आणि क्रॉनमध्ये मोठ्या 'एफ'ने फाइलचा पूर्ण पत्ता द्या, शोधावर विसंबू नका. आणि मटआरसीच्या पहिल्या ओळीत 'माय' आणि अंडरस्कोर अशी सुरुवात असलेलं स्वतःचं व्हेरिएबल तयार करून त्यात त्याच फाइलचा पत्ता लिहा. अशी व्हेरिएबल्स बनवायची मटमध्ये परवानगी आहे. मग कधी शंका आली तर मटमध्येच त्याचं मूल्य विचारा. पत्ता आला तर ती फाइल वाचली गेली. ओळखतच नाही म्हणाला तर वाचली गेली नाही. जे मटने स्वतःहून सांगायला हवं होतं, ते त्याच्याकडून काढून घ्यायला ही एक ओळ पुरते.